गाल्वा, वय वर्षं वीस

सबमिशनच्या आठवड्यात रात्री अडीच वाजता हॉस्टेलमध्ये दोनच आवाज येतात. एक प्रिंटरचा, दुसरा मेसमागच्या कुत्र्यांचा. त्या रात्री मात्र आमच्या विंगच्या शेवटच्या खोलीतून एकसुरी शिट्टी वाजायला लागली आणि थांबेचना. मी चादर फेकून पळालो, कारण ती शिट्टी माझ्या पेटीची होती.

पेटी म्हणजे आमचा घरगुती स्टोरेज सर्व्हर. जुनं डेस्कटॉप कॅबिनेट, प्रत्येकी 2 टेराबाइटच्या सहा डिस्क, आणि भंगारात निघालेल्या एका सर्व्हरमधून मिळालेलं हार्डवेअर रेड कार्ड. (रेड म्हणजे छापा नव्हे. रेक्टरसरांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तेही दचकले होते.) विंगमधल्या सगळ्यांच्या जर्नल्स, जुन्या प्रश्नपत्रिका, गॅदरिंगचे फोटो, बीईवाल्यांचे प्रोजेक्ट, सगळं त्यात. दुपारी एक डिस्क गेली होती, ती मी बदलली होती आणि कार्ड नव्या डिस्कवर माहिती परत भरत होतं. ते चालू असतानाच दुसरी डिस्क अडखळली. आमच्या डिस्क साध्या, डेस्कटॉपच्या. अशी डिस्क एखादा खराब भाग वाचायला बराच वेळ झटापट करत बसते, आणि कार्डाला तेवढा धीर नसतो. काही सेकंद उत्तर आलं नाही की ते डिस्क मेली असं जाहीर करून मोकळं होतं.

म्हणजे सहातल्या दोन गायब. मी घाम पुसत एक फाइल उघडून बघितली. उघडली! दुसरी उघडली. सगळ्या उघडत होत्या. आम्ही रेड-6 लावलं होतं, म्हणून वाचलो.

एक डिस्क गेली तर माहिती कशी परत येते हे मला ठाऊक होतं. पॅरिटी. समजा तीन डिस्कवर 5, 9 आणि 6 हे आकडे आहेत. बायनरीत लिहून हातचा न घेता मिळवायचे, म्हणजेच एक्सऑर करायचे. उत्तर 10. ते वेगळ्या डिस्कवर ठेवायचं. 9 हरवला तर उरलेले 5, 6 आणि 10 पुन्हा तसेच मिळवा, 9 परत हजर. सेकंड इयरच्या पोरालाही जमेल. पण दोन आकडे हरवले तर? दोन अज्ञात म्हणजे दोन समीकरणं हवीत, आणि दुसरं समीकरण पहिल्यापेक्षा खरोखर वेगळं हवं. ते कुठून आणायचं?

आमचं कार्ड आत काय करतं ते त्याची कंपनी सांगत नाही. पण लिनक्समधल्या रेड-6 चं गणित उघड छापलेलं आहे. ते वाचायला बसलो आणि पहिल्याच पानावर एक नाव भेटलं. गाल्वा. तोपर्यंत मला वाटत होतं की हा कोणी चष्मेवाला म्हातारा प्रोफेसर असणार. निघाला माझ्याच वयाचा. नाही, माझ्याहून वर्षभर लहानच, कारण त्याचं वय विसाच्या पुढे कधी गेलंच नाही.

एव्हारिस्त गाल्वा 25 ऑक्टोबर 1811 ला पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावात जन्मला. वडील गावचे मेयर, राजेशाहीच्या विरोधातले, मोकळ्या स्वभावाचे. आईनं बारा वर्षांचा होईपर्यंत घरीच लॅटिन आणि ग्रीक शिकवलं. मग 1823 मध्ये त्याला पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या निवासी शाळेत टाकलं. म्हणजे आपल्यासारखाच हॉस्टेलवाला! सुरुवातीला बक्षिसं वगैरे मिळवली, पुढे लक्ष उडालं, आणि एक वर्ग पुन्हा करावा लागला. त्याच वर्षी तो गणिताच्या वर्गात बसला आणि हातात लेजांद्रचं भूमितीचं पुस्तक पडलं. मग गडी थेट लॅग्रांजचे मूळ लेख वाचायला लागला. बाकीचे विषय वाऱ्यावर. विचित्र आणि बंद स्वभावाचा असे शिक्षकांचे शेरे पडायला लागले.

त्याला जायचं होतं एकोल पॉलिटेक्निकला. फ्रान्समधलं इंजिनिअरिंगचं सगळ्यात मोठं कॉलेज ते. 1828 मध्ये त्यानं धड तयारी न करता प्रवेश परीक्षा दिली आणि आपटला. पुढच्या वर्षी रिशार नावाचे शिक्षक लाभले, ज्यांना या मुलाचं पाणी कळलं होतं. एप्रिल 1829 मध्ये त्याचा पहिला लेख छापून आला. त्याच मे-जूनमध्ये समीकरणांवरचं आपलं संशोधन त्यानं विज्ञान अकादमीकडे दिलं. वय साडेसतरा.

इथून पुढे या गोष्टीत एम-थ्रीच्या पुस्तकातली नावं ओळीनं येतात. ज्यांनी आपल्याला केटी लावल्या ते सगळेच.

प्रश्न जुना होता. वर्गसमीकरणाचं सूत्र आपण नववी-दहावीत पाठ करतो. तिसऱ्या आणि चौथ्या घाताचीही सूत्रं सोळाव्या शतकात सापडली होती. पाचव्या घाताला असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही हे नॉर्वेच्या आबेलनं 1824 मध्ये दाखवलं. गाल्वाचा प्रश्न त्याच्या पुढचा: समोर एखादं ठरावीक समीकरण आलं, तर ते मुळांच्या चिन्हांनी सुटेल की नाही हे कशावरून ओळखायचं? त्यानं समीकरण सोडवायचंच सोडून दिलं. उत्तरांची आपापसात अदलाबदल केली तर काय बिघडतं आणि काय बिघडत नाही, तेवढंच बघत बसला. आज ज्याला ग्रुप थिअरी म्हणतात तिची सुरुवात ही.

तो लेख तपासायला गेला कोशीकडे. होय, कोशी-रीमानवाला कोशी. कोशीनं तो हरवला असं पूर्वी पुस्तकांत सरसकट लिहीत. नंतर सापडलेल्या त्याच्या एका पत्रावरून दिसतं की जानेवारी 1830 मध्ये तो अकादमीपुढे मांडायचा त्याचा विचार होता, पण त्या दिवशी तब्येत बरी नव्हती म्हणून राहिला. पुढच्या बैठकीत कोशीनं स्वतःचा लेख वाचला, गाल्वाचा नाही. झालं.

दरम्यान घरात आभाळ कोसळलं होतं. बूर-ला-रेनच्या नव्या पाद्र्यानं मेयरच्या नावावर खोट्या, अश्लील कविता खपवल्या. बदनामी सहन न होऊन जुलै 1829 मध्ये वडिलांनी पॅरिसमध्ये आत्महत्या केली. त्यानंतर लवकरच गाल्वाची पॉलिटेक्निकची दुसरी परीक्षा होती. तोंडी. आपल्याकडे ओरलला एक्स्टर्नल कसा भेटतो यावर नशीब असतं, तसंच तिथे. गाल्वा पायऱ्या मनातल्या मनात गाळून थेट उत्तरावर उडी मारायचा, समोरच्याला ते पटायचं नाही. त्यानं फळा पुसायचं फडकं परीक्षकाच्या तोंडावर फेकलं अशी दंतकथा आहे. फेकलं असो वा नसो, तो पुन्हा नापास झाला, आणि तिथे तिसरी संधी नव्हती. नाइलाजानं एकोल नॉर्मालमध्ये, शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात, गेला.

फेब्रुवारी 1830 मध्ये अकादमीच्या मोठ्या गणित पारितोषिकासाठी त्यानं संशोधन पुन्हा लिहून पाठवलं. या वेळी कागद गेले सचिवाकडे. सचिव कोण, तर फूर्ये, म्हणजे आपला फोरिअर सिरीजवाला. त्यानं ते वाचायला घरी नेले, आणि मे महिन्यात तो वारला. त्याच्या कागदपत्रांत गाल्वाचा लेख सापडला नाही. पारितोषिक जेकोबीला आणि आबेलला मिळालं. आबेल तर आदल्याच वर्षी वारलेला, सव्वीस वर्षांचा.

मी हे वाचत होतो तेव्हा पेटी पुन्हा ठणठणीत झाली होती, त्यामुळे मला फक्त वाईट वाटलं. खरा अर्थ एप्रिलमध्ये कळला, जेव्हा आमचं कार्डच गेलं.

असली कार्डं सर्व्हरसाठी बनवलेली असतात. तिथे समोरून मागे जोरात हवा फेकणारे पंखे असतात. आमच्या कॅबिनेटमध्ये एक पंखा, तोही धूळ खाल्लेला. कार्डावरच्या हीटसिंकला हात लावला की चटका बसायचा आणि आम्ही ते कौतुकानं एकमेकांना दाखवायचो! एका दुपारी मशीन चालू केलं तर मदरबोर्डला कार्ड दिसेचना. सहाच्या सहा डिस्क धडधाकट. त्या सरळ मदरबोर्डला जोडल्या, तर एकही फाइल नाही. प्रत्येक डिस्कवर फाइलींचे नुसते तुकडे असतात. कोणता तुकडा कितवा आणि पॅरिटी कुठे, याचा नकाशा कार्ड स्वतःच्या पद्धतीनं लिहितं आणि ती लिपी त्याच घराण्याच्या कार्डाला येते. दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी तजवीज केली होती, आणि सगळं ज्याच्या हातात दिलं ते कार्ड मात्र एकच. वर, कार्डाखाली दडलेल्या डिस्कची तब्येतही आम्हाला सरळ बघता येत नव्हती. कार्डाची बाजू घ्यायची तर स्वतःचा प्रोसेसर, बॅटरीवर टिकणारी कॅश, हे त्याचे गुण खरेच. पण ज्याच्या कपाटात दुसरं तसंच कार्ड ठेवलेलं आहे त्याच्यासाठी. आमच्या कपाटात मॅगी होती.

त्या पेटीत सिव्हिलच्या एका दादाची काँक्रीट क्यूबची वर्षभराची रीडिंग्ज होती. अठ्ठावीस दिवसांच्या टेस्ट. नवीन क्यूब भरून पुन्हा करायच्या म्हटल्या तर ओरलची तारीख निघून जाते. दुसरी कॉपी? रेड आहे ना, मग कशाला, असं मीच त्याला सांगितलं होतं. तो मला एक शब्द बोलला नाही. जेवायला मात्र दुसऱ्या टेबलावर बसायला लागला.

त्या दिवसांत मी फूर्येच्या घरात हरवलेल्या कागदांचा फार विचार केला.

गाल्वाचं एक लिखाण मात्र या सगळ्यातून सुटलं. जून 1830 मध्ये त्याचा अंकशास्त्रावरचा छोटा लेख एका नियतकालिकात छापून आला. छापला गेला, म्हणून हरवला नाही. रेड-6 चं गणित उभं आहे ते नेमकं त्या लेखावर.

अडचण अशी आहे. एका बाइटला 256 किमती. दुसरी पॅरिटी काढताना प्रत्येक डिस्कच्या आकड्याला वेगळ्या अंकानं गुणायचं, म्हणजे दुसरं समीकरण खरोखर वेगळं होतं. पण गुणाकार 256 च्या बाहेर जाता कामा नये, आणि परत येताना भागाकार नेमका झाला पाहिजे. घड्याळासारखं 256 नंतर शून्य करून बघा: 2 गुणिले 128 शून्य होतं, आणि मग 2 नं भागणं संपलंच. गाल्वानं दाखवलं होतं की कोणत्याही मूळ संख्येच्या कोणत्याही घाताइतक्या आकड्यांचं असं जग बांधता येतं, जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चारही निर्दोष चालतात. युक्ती अशी की ज्या समीकरणाला त्या जगात उत्तर नाही, त्याला एक काल्पनिक उत्तर आहे असं मानून चालायचं, जसं उणे एकच्या वर्गमुळाला आपण मानतो. त्यानं उदाहरण घेतलं 7 च्या घनाचं, 343 आकड्यांचं. आपल्याला हवा 2 चा आठवा घात.

मघाचेच आकडे घ्या. 5, 9, 6. पहिली पॅरिटी 10. दुसरीसाठी 9 ला 2 नं आणि 6 ला 4 नं गुणा, 5 तसाच ठेवा: 5, 18, 24. हातचा न घेता मिळवले की 15. आता 9 आणि 6 दोन्ही हरवले. दोन समीकरणं मांडून सोडवली की शेवटी उरतं, हरवलेला दुसरा आकडा बरोबर 20 भागिले 6. कॅल्क्युलेटरवर हे तीन पूर्णांक काहीतरी. पण गाल्वाच्या जगात 6 ला 6 नं गुणताना 24 आणि 12 हातचा न घेता मिळवायचे, येतात 20. म्हणून 20 भागिले 6 म्हणजे 6. आकडा परत! मी हे वहीच्या मागच्या पानावर केलं आणि एकटाच हसलो. (गुणाकार 255 च्या वर गेला तर 285 शी एक्सऑर करून आत आणायचा, हा लिनक्सचा नियम. मेसच्या काउंटरवरच्या क्यूआर कोडमध्येही तोच 285 वापरतात. त्यावर रश्श्याचे डाग पडूनही तो वाचला जातो तो त्यामुळे.) रीड आणि सॉलोमन या दोघांनी या अंकगणितावर आपला कोड बांधला 1960 मध्ये. लेखानंतर 130 वर्षांनी.

लेख छापला त्याच्या पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये क्रांती झाली. पॉलिटेक्निकची पोरं रस्त्यावर लढत होती आणि गाल्वाच्या कॉलेजच्या संचालकांनी मुलांना आत कोंडून ठेवलं. (रेक्टर नावाची जात सगळीकडे सारखीच.) गाल्वानं वर्तमानपत्रातून त्यांच्यावर जळजळीत टीका केली आणि कॉलेजमधून काढला गेला. जानेवारी 1831 मध्ये त्यानं एका पुस्तकाच्या दुकानात बीजगणिताची शिकवणी सुरू केली. त्याच महिन्यात अकादमीकडे तोच लेख तिसऱ्यांदा लिहून दिला. या वेळी तपासणारा प्वासाँ, पॉयसन डिस्ट्रिब्यूशनवाला. जुलैमध्ये अभिप्राय आला: मांडणी पुरेशी स्पष्ट नाही, कळत नाही. प्वासाँवर मला फारसा राग येत नाही. लेख खरंच तुटक होता, आणि निदान त्यानं तो हरवला नाही. परत आलेली ती प्रत पुढे महत्त्वाची ठरली.

मे 1831 मध्ये एका मेजवानीत गाल्वानं हातात चाकू धरून राजाच्या नावानं प्याला उचलला, अटक झाली, जूनमध्ये सुटला. 14 जुलैला बंदी घातलेल्या तोफखाना दलाचा गणवेश घालून, शस्त्रं घेऊन मोर्चात निघाला, पुन्हा अटक. सहा महिन्यांची शिक्षा. मार्च 1832 मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ होती म्हणून त्याला तुरुंगातून एका आरोग्यगृहात हलवलं. तिथे स्तेफानी नावाची मुलगी भेटली, त्याचा जीव जडला, तिनं नकार दिला. एप्रिलअखेर सुटला आणि महिन्याभरात कुणाशी तरी पिस्तुलाचं द्वंद्व ठरलं. प्रेमापायी की राजकारणापायी, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही.

29 मेच्या रात्री तो लिहीत बसला. सगळं गणित त्यानं त्या एका रात्रीत लिहिलं ही कथा खोटी आहे. बहुतेक आधीच लिहिलेलं होतं. त्या रात्री त्यानं प्वासाँकडून परत आलेल्या लेखात दुरुस्त्या केल्या, आणि ओग्यूस्त शव्हालिए या मित्राला एक लांब पत्र लिहिलं. आपल्याला काय काय सापडलं आहे त्याचा आराखडा त्यात होता. पत्र छापून आणावं, आणि जेकोबी किंवा गाउसला जाहीरपणे मत विचारावं अशी विनंती होती. हे बरोबर आहे का असं विचारायचं नव्हतं. महत्त्वाचं आहे का, एवढंच विचारायचं होतं. कागद हरवलेला माणूस या वेळी कागद कुठे ठेवतो ते बघा: कार्यालयात नाही, मित्राकडे.

30 मेच्या सकाळी गोळी पोटात लागली. एका वाटसरूनं त्याला कोशें इस्पितळात पोचवलं. 31 मे 1832 ला तो गेला. जवळ धाकटा भाऊ आल्फ्रेड होता. मोंपार्नासच्या स्मशानात सार्वजनिक खड्ड्यात पुरलं.

मग शव्हालिए आणि आल्फ्रेड बसले. त्यांनी कागद हातानं नकलून काढले आणि मोठ्या गणितज्ञांना पाठवले. त्यांना स्वतःला ते गणित कळत नव्हतं असं धरायला हरकत नाही. आपण न कळता जर्नल उतरवतो तसंच, फरक इतकाच की ते प्रेमानं उतरवत होते. पत्र त्याच वर्षी छापून आलं, कुणी लक्ष दिलं नाही. अकरा वर्षांनी, 1843 मध्ये, कागद ल्यूव्हीलकडे पोचले होते. त्यानं ओळन् ओळ तपासून अकादमीला सांगितलं की यात एक नेमकं आणि खोल उत्तर आहे. 1846 मध्ये त्यानं सगळं आपल्या नियतकालिकात छापलं.

आमचं सांगायचं तर, नवव्या दिवशी लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालाच्या एका दुकानात त्याच घराण्याचं कार्ड सापडलं. डिस्क जोडल्या, या परक्या मांडणीला आपलं म्हणायचं का असं त्यानं विचारलं, मी हो म्हटलं. दोन मिनिटं कुणी श्वास घेतला नाही. मग फोल्डर दिसायला लागले. क्यूबची रीडिंग्ज पहिली काढली, पेनड्राइव्हवर, आणि दादाच्या मेलवर, आणि त्यानं हट्टानं त्यांचे प्रिंटही काढले.

आता ते कार्ड पेटीत नाही. डिस्क सरळ जोडल्यात, रेड-6 लिनक्सच सांभाळतं. मदरबोर्ड जळला तर डिस्क कोणत्याही लिनक्सच्या मशीनला लावता येतील. आणि दर रविवारी रात्री एक पूर्ण नक्कल लॅबमधल्या मशीनवर जाते. लॅब असिस्टंट काकांनी त्यासाठी एक जुनी मोठी डिस्क दिली आणि बदल्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो पेटीत ठेवले.

पेटीला आम्ही गाल्वा नाव दिलंय, नेटवर्कवर तेच दिसतं. परवा फर्स्ट इयरचा एक जण विचारत होता की हे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं कॅबिनेट आहे म्हणून असं नाव आहे का. त्याला खोलीत बसवला आणि चहा मागवला.